माझ्या टाचांकडे बघ

३ जून

आज फॉर्म भरला. डोंगरशर्यत, पन्नास किलोमीटर, नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. दोघांची नावं घातली, आधी माझं, खाली हिचं. ही शेजारी बसून नववीचे गणिताचे पेपर तपासत होती. म्हटलं, "अगं, यंदा तुला दोरीच्या पलीकडे नेल्याशिवाय मी काही राहत नाही." मान वर न करता म्हणाली, "बरं."

दोरीचं सांगून ठेवतो. या शर्यतीत बरंच अंतर संपल्यावर एक मोठा चढ लागतो, आणि चढ संपला की ओढा. ओढ्यावर शिट्टीवाल्या बाई उभ्या असतात. दुपारचे दोन वाजले की त्या शिट्टी फुंकतात, वाटेवर लाल दोरी आडवी बांधतात, आणि जो अलीकडे राहिला त्याची शर्यत तिथेच संपते. मग तो कितीही मोठा तीसमारखान असो. मागच्या वर्षी आम्ही दोघं अलीकडे राहिलो. म्हणजे राहिली ही, आणि हिच्यामुळे मी. चढाच्या सुरुवातीला म्हणाली, "मी जरा पुढे होते," आणि झाली पुढे. उतावळेपणा, दुसरं काय! मी आपला माझ्या चालीने वर येतो, तर ही ओढ्याच्या अलीकडे एका दगडावर बसलेली. दम संपलेला. हात धरून उठवलं, आणि दोघं ओढ्यापाशी पोचलो तोवर दोरी लागली होती.

बायकोसाठी शर्यत सोडली, हे मी गेलं वर्षभर ज्याला त्याला सांगत आलोय. ही शेजारी उभी राहून ऐकते, मध्ये बोलत नाही. तिला मनातून वाईट वाटत असणार.

म्हणून यंदा मी हिचा कोच. इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतोय, स्टिअरिंगला हात लावायला घाबरणारी माणसं मी हायवेवर नेऊन सोडली आहेत. एका बायकोला जोरात पळायला शिकवणं म्हणजे काय मोठंसं. कोचने रोजची नोंद ठेवावी असं म्हणतात, म्हणून ही वही.

८ जून

आमच्या गल्लीच्या टोकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत वळणावळणाचा चढ आहे. तोच आपला आखाडा. नियम पहिला: मी पुढे, ही मागे. नियम दुसरा: इकडे तिकडे बघायचं नाही, माझ्या टाचांकडे बघायचं. शिकवणारा नजरेसमोर असला की शिकणाऱ्याला धीर येतो.

मला मागे वळून बघावं लागत नाही. पळणाऱ्याचं सगळं श्वासावरून कळतं. आज हिच्या श्वासाचा आवाजच येत नव्हता, म्हणजे मन लावून पळत नव्हती. वर टाकीपाशी मी कमरेवर हात ठेवून उभा होतो आणि ही टाकीमागच्या झुडपाची पिवळी फुलं बघत होती. "हे झुडूप खाली कुठेच नाही हो, इथे वरच कसं काय आलं?" असं विचारत होती. कोचने प्रत्येक गोष्टीला उत्तर देऊ नये.

आणखी एक. हिच्या बुटाची नाडी सारखी सुटते. चढ जरा अंगावर आला की ही खाली बसलीच नाडी बांधायला. मग मलाही थांबावं लागतं. उद्या नवीन नाड्या आणतो.

२१ जून

तक्ता तयार केला. कुठल्या टप्प्याला किती वाजता पोचायचं ते सगळं मांडलं आणि फ्रिजवर चिकटवलं. चढाचा वेग आणि उताराचा वेग मिळवून दोनाने भागला, ती सरासरी. ही दुधाची पिशवी ठेवायला आली, दोन मिनिटं तक्त्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नववी ब मध्ये सगळे असंच करतात."

"म्हणजे बरोबर आहे ना?"

"करतात, इतकंच म्हटलं."

हिची शिकवायची तऱ्हाच निराळी. पोराचं गणित चुकताना दिसलं तरी खोडत नाही. म्हणते, शेवटपर्यंत जाऊ द्यावं, उत्तर जुळलं नाही की तो आपोआप मागे येतो आणि मग जन्मात विसरत नाही. मी म्हटलं, असं मी गाडीत करायचं ठरवलं तर आठवड्याला एक गाडी भंगारात जाईल. माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो तो काय शोभेला? हसायला लागली. संध्याकाळी तक्ता पाहिला तर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह होतं. मी ते पुसलं.

१२ जुलै

केकवाल्या बाईंचा आज पुन्हा चढावर गोंधळ. या बाई घरून केक करून विकतात, गाडीचं लायसन काढायचंय, दोनदा परीक्षेत नापास झाल्या आहेत. मी "क्लच, क्लच" म्हणून ओरडेपर्यंत गाडी बंद. मागे हॉर्नचा गदारोळ. मला म्हणतात, "तुम्ही बोलायला लागलात ना, की माझा पाय चुकतो." म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं! मी ब्रेकवर पाय ठेवून होतो म्हणून वाचलो दोघं.

ही ऐकून म्हणाली, "एक दिवस गप्प बसून बघा की." मास्तरणीला काय जातंय सांगायला, तिच्या फळ्याला ब्रेक लागत नाही.

३० जुलै

आज लांबचं पळणं. शहराबाहेर कालव्याच्या रस्त्याने गेलो, परत आलो. पाणी, उकडलेले बटाटे, माझं जाकीट, माझा चष्मा, सगळं हिच्या पाठीवरच्या पिशवीत. मला अंग मोकळं लागतं, वेग ठरवायचा असतो ना. परतीच्या वाटेवर हिने गप्पा काढल्या. लेकीच्या खोलीला रंग कुठला द्यायचा, भिंतीवरची ओल आधी काढायची का, वगैरे. मी "हं" च्या पलीकडे गेलो नाही. पळताना इतकं बोलता येतं म्हणजे पुरता जोर लावत नाही हे उघड आहे. तसं सांगितलंसुद्धा. म्हणाली, "लावेन हो, लावेन."

नवीन नाड्यासुद्धा सुटतात. दुकानदाराने फसवलं.

पण एक कबूल करतो. शेवटच्या टप्प्यात माझे पाय जड झाले होते आणि मागून हिची पावलं टप टप टप येत होती, एकसारखी. त्या आवाजावर मी घरी पोचलो. असं वाटलं की अजूनही जाता येईल. लेक शिकायला बाहेर गेली तेव्हा संध्याकाळी घर खायला उठायचं. डॉक्टरांनी मला साखरेसाठी पळायला सांगितलं होतं, हिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ही नुसती सोबत म्हणून आली, आणि आता बघा. कुठल्या कुठे आणली मी हिला.

२० ऑगस्ट

घात झाला. "पळायचं म्हणजे असं, बघ!" म्हणून हिला दाखवायला गेलो आणि पोटरीत कुणी दगड मारल्यासारखं झालं. रस्त्यातच बसलो. हिने खांदा दिला, घरी आणलं, बर्फ लावला. डॉक्टर म्हणतात स्नायू ताणलाय, दोन महिने पळायचं नाव काढू नका. डॉक्टरांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकतं, त्यांना पळण्यातलं काय कळतं!

हिचं कसं होणार? माझ्या टाचा दिसल्या नाहीत तर ही पळणार कुणाकडे बघून?

२६ ऑगस्ट

हरकत नाही. कोच बसूनही शिकवू शकतो. चढाच्या तळाशी घडीची खुर्ची टाकून स्टॉपवॉच घेऊन बसलो आणि हिला एकटीला सोडलं. पहिल्या वळणाला दिसेनाशी झाली. मी खिशातून वर्तमानपत्र काढलं, क्रिकेटची बातमी निम्मी वाचून होतेय तोच ही समोर उभी.

म्हटलं, "काय झालं? अर्ध्यातून परत का आलीस?"

"टाकीपर्यंत जाऊन आले."

मी स्टॉपवॉच दाखवलं. आम्ही दोघं मिळून वर जायला जेवढा वेळ घेतो, तेवढ्यात ही वर जाऊन परत आली म्हणते. म्हटलं, "अगं, मी ड्रायव्हिंगच्या धंद्यात केस पांढरे केले. शॉर्टकट मारणारे मी वासावरून ओळखतो." रागावली नाही. उलट डोळे बारीक करून हसली आणि म्हणाली, "मग पुरावा आणते." वळली आणि पुन्हा गेली. आली ती हातात पिवळं फूल घेऊन. टाकीमागच्या झुडपाचं. आणि वेळ पहिल्यापेक्षाही कमी.

स्टॉपवॉच बिघडलंय.

३ सप्टेंबर

सेल बदलून आणला. घड्याळवाला म्हणाला जुना सेल चांगला होता. आज पुन्हा तेच. रोज एक फूल येतंय, ग्लासात ठेवायला जागा नाही.

बराच विचार केल्यावर उलगडा झाला. तीन महिने मी जे पेरलं ते आता उगवतंय. शिकवणं असंच असतं, लगेच दिसत नाही. अंगावर मूठभर मांस चढलं. लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती वकिलीचं शिकते आहे, फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. मग गंभीर होऊन विचारते, "बाबा, तुम्ही आईला पळताना कधी बघितलंय?"

"रोज बघतो."

"पुढून, मागून की बाजूने?"

असले उलटतपासणीचे प्रश्न बापाला विचारायचे नसतात. फोन हिच्याकडे दिला. दोघी अर्धा तास खिदळत होत्या.

एक मात्र आहे. हिच्या नाड्या सुटायच्या थांबल्या. नाड्या चांगल्याच निघाल्या म्हणायच्या, उगाच दुकानदाराला बोललो.

५ ऑक्टोबर

केकवाल्या बाई पास! स्वतः गाडी चालवत घरी आल्या, मागच्या सीटवर केक. मी विचारलं, चढावर गाडी बंद पडली नाही? म्हणाल्या, "नाही हो. परीक्षक साहेब शेजारी नुसते खिडकीबाहेर बघत बसले होते. गाडी आपली आपण चालली."

केक उत्तम होता. पण त्या गेल्यावर मनात एक किडा वळवळत राहिला. रिकाम्या गाडीत जाऊन माझ्या बाजूच्या सीटवर बसलो, जादा ब्रेक दोन-चारदा दाबून पाहिला. मग उतरलो. पोटरी अजून दुखते.

२० ऑक्टोबर

डॉक्टरांनी शर्यतीला साफ नाही म्हटलं. मी वाद घातला, उपयोग झाला नाही. घरी येऊन म्हटलं, ठीक आहे, मी नाही तर नाही, तू जा. तर ही म्हणते, "तुम्ही नाही तर मी कशाला जाऊ? फॉर्म रद्द करा."

माझं डोकं फिरलं. "अगं, इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात घालतेस?"

"मेहनत कुणाची?" असं म्हणून ओठ दाबून हसली.

"हसू नकोस. यंदा तू दोरी ओलांडायला हवी. मागच्या वर्षी त्या दगडावर बसलेली तुला पाहिलं ना, तेव्हाच मी ठरवलं होतं."

हसू मावळलं. हातातली ताटली पुसून ठेवली. मग म्हणाली, "मला एकटीने पळायचं असतं तर मी कधीच पळाले असते. मला ती दोरीबिरी काही नको. तुम्ही दमून वर पोचता, तोंड लाल झालेलं असतं आणि तरी मला ओरडून सांगता की शाब्बास, चल. मला ते आवडतं."

मी उठून गॅलरीत गेलो. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि ही शर्यत सोडणार म्हणून रागही आला. तिन्ही एकदम.

२ नोव्हेंबर

खरं तेच लिहायचं तर ही वही कामाची. ही माझ्याशिवाय पळाली आणि दोरीअलीकडे राहिली तर तिला फार लागेल. आणि माझ्याशिवाय पळाली आणि पार गेली, तर मी कोच कशाचा? दोन्ही भीती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दुसरी मोठी निघाली. लाज वाटली. उठून चहा केला, हिलाही दिला. "आज काय विशेष?" म्हणाली.

५ नोव्हेंबर

तोडगा निघाला, आणि मीच काढला. शर्यतवाल्यांना फोन केला, ओढ्यावर मदतीला माणूस हवा का? हवाच होता. पळणाऱ्यांना पाण्याचे पेले द्यायचे, संत्र्याच्या फोडी द्यायच्या. हिला सांगितलं, "मी ओढ्यावर असणार. तू नुसती माझ्यापर्यंत ये. पुढचं पुढे बघू."

"तुम्ही तिथे असाल? नक्की?"

"दगडासारखा."

विचार करून म्हणाली, "मग येते."

फ्रिजवरचा तक्ता हिच्यासाठी नव्याने केला. ओढ्यापाशी दीड वाजता, म्हणजे अर्धा तास हातात. हिने वाचला, यावेळी प्रश्नचिन्ह काढलं नाही. नुसता माझा गाल ओढला.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार

संध्याकाळ झाली आहे, ही आत झोपली आहे. सगळं आजच लिहून टाकतो.

सकाळी हिला सुरुवातीच्या रेषेवर सोडलं. इतक्या पळणाऱ्यांत एकटी उभी होती, माझी जुनी निळी टोपी घालून. शेवटच्या सूचना देणार होतो, पण एकही आठवली नाही. मग शर्यतवाल्यांच्या जीपने ओढ्यावर गेलो.

शिट्टीवाल्या बाईंनी मला पेले भरायला लावलं. गेल्या वर्षी चढावरून धापा टाकत आलेला माणूस मीच, हे त्यांनी ओळखलं नाही. दरवर्षी शेकडो धापा टाकणारे बघतात, कुणाकुणाला लक्षात ठेवणार. पेले भरून झाल्यावर मी त्या दगडाकडे गेलो. हिचा दगड. वाटेच्या कडेला, उघड्यावर, ऊन रणरणतंय. बसलो तर खालून चटका बसला. वीस पावलांवर दोन मोठी झाडं आहेत, दाट सावली, तिथे आडवं व्हायला गवतसुद्धा आहे. मनात म्हटलं, दमलेला माणूस ती सावली सोडून इथे येऊन का बसेल?

आणि मग समोर पाहिलं. त्या दगडावरून खालचा अख्खा चढ दिसतो. पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत. झाडांखालून काही दिसत नाही. फक्त इथूनच दिसतो.

शिट्टीवाल्या बाईंनी हाक मारली, "अहो, तिथे उन्हात बसू नका. मागच्या वर्षी पण एक बाई तशाच बसून होत्या, किती वेळ! म्हटलं सावलीत या, निदान ओढा तरी ओलांडा, वेळ आहे अजून. हलायला तयार नाहीत. म्हणे, मागून येताहेत."

वर्षभर मी लोकांना काय काय सांगत आलो ते एकेक करून आठवत होतं, आणि दर वेळी शेजारी उभी असलेली ही आठवत होती. कान तापले. उन्हाने नव्हे.

पळणारे यायला लागले. पेले दिले, फोडी दिल्या. गर्दी जरा ओसरली तेव्हा पुन्हा दगडावर येऊन बसलो. तक्त्याप्रमाणे हिला यायला खूप अवकाश होता. खालच्या वळणावर एक बाई दिसली. झपाझप चढत होती. छोटी छोटी पावलं, कोपरं अंगालगत, मान सरळ. दोन दांडग्या पोरांना तिने वळणावर मागे टाकलं, तेही असं की जणू रस्त्यात उभ्या असलेल्या गाड्यांना वळसा घातला. मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात पळणं! हिला असं शिकवायला हवं होतं.

मग त्या बाईची टोपी दिसली. निळी, माझी.

मी उभा राहिलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ही माझ्या मागे पळाली आणि हिला पळताना मी आज पहिल्यांदा बघत होतो. अशी पळते माझी बायको! आणि हे मला सोडून कुणाकुणाला माहीत होतं? लेकीला होतं. झुडपाला होतं.

ही वर आली. तोंड लाल सुद्धा नाही. आल्या आल्या विचारते, "पोटरी कशी आहे? उभे का आहात?" आणि दगडावर बसून नाडी बांधायला वाकली.

मी नाडीकडे पाहिलं. दुहेरी गाठ, घट्ट, जशी सकाळी बांधली तशी.

"नाडी सुटलेली नाही," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. वर पाहिलं. चोरी पकडलेल्या पोरीसारखं तोंड झालं होतं. "अहो, वेळ आहे भरपूर. दोन मिनिटं बसू की दोघं."

"ऊठ."

"तुम्ही इथे एकटेच उन्हात..."

"मागून कुणी येत नाहीये आता. मी इथे आहे, पुढे आलोय तुझ्या. बघ, सगळा मीच आहे. मागे काही राहिलेलं नाही. ऊठ आणि जा."

ती उठली. पाण्याचा पेला एका घोटात संपवला, ओला हात माझ्या तोंडावरून फिरवला. मग वाटेकडे बघून म्हणाली, "पण आता टाचा नाहीत कुणाच्या. बघू कुठे?"

"समोर बघ," मी म्हटलं.

गेली. ओढ्यातल्या दगडांवरून टणाटण उड्या मारत पलीकडे गेली, पलीकडचा चढ चढली, आणि वळणापर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही. मी टक लावून होतो, बघते का, बघते का. नाही पाहिलं. माझी छाती इतकी भरून आली की शर्टाचं बटण तुटेल असं वाटलं.

शिट्टीवाल्या बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. "जोरदार आहेत! कोण तुमच्या?"

"माझी बायको."

"तुम्ही शिकवलंत?"

"छे हो. गणिताची शिक्षिका आहे ती. तिला कोण शिकवणार?"

दोन वाजता बाईंनी शिट्टी फुंकली. दोरी बांधायला दुसरा हात हवा होता, एक टोक मी धरलं. एक उंच मुलगा चार पावलांनी चुकला. दोरीसमोर बसून रडायला लागला. त्याला संत्र्याच्या फोडी दिल्या, पाठीवर हात ठेवून बसलो. त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण गप्प बसलो. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "पुढच्या वर्षी येणार मी."

ओढ्यावरचं आवरून जीपने शेवटच्या रेषेवर पोचलो, तोवर हिची शर्यत केव्हाच संपली होती. बायकांमध्ये सातवी, तिच्या वयोगटात दुसरी! निकालाच्या फळ्यासमोर उभं राहून तीनदा वाचलं. तिथे शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थालाही वाचायला लावलं. मग हिला शोधलं. गळ्यात पदक, पाय पसरलेले, पिशवीतला शेवटचा बटाटा खात बसली होती. माझीच वाट बघत. यावेळी मात्र सावलीत.

"दगडाचं कळलं मला," मी म्हटलं.

"कधी?"

"आज."

बटाट्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "जाऊ दे हो. उत्तर जुळलं ना."

१८ डिसेंबर

पोटरी बरी झाली. डॉक्टरांनी हळूहळू पळायची परवानगी दिली. मधल्या दिवसांत काही लिहिलं नाही, कारण कोचचं पद रिकामं आहे. भेटेल त्याला मात्र शर्यतीची गोष्ट सांगतो, नवीन. काल केकवाल्या बाईंनी गाडी थांबवून ऐकून घेतली. ही शेजारीच होती, आणि यावेळी मध्ये बोलली, "अहो, सातवी म्हणा, पहिली काय म्हणता!"

आज पहाटे चढावर गेलो. मी म्हटलं, तू पुढे. तिच्या टाचांकडे बघत निघालो. पहिल्या वळणापर्यंत दिसल्या, पुढे दिसल्या नाहीत. मी निम्म्यावर असताना ती टाकीला शिवून परत खाली येत होती. समोरून येताना ओरडली, "शाब्बास, चल! फूल आणायचं विसरू नका!" आणि गेली सुद्धा. आमच्या गल्लीतले झाडूवाले काका रस्ता झाडायचे थांबले होते. त्यांना म्हटलं, "बायको माझी." ते म्हणाले, "माहीत आहे, रोज सांगता."

वर गेलो, फूल तोडलं, घरी आणून तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे खालच्याच कुठल्या झुडपाचं कशावरून नाही?"

"खाली हे झुडूपच नाही."

"हे मी जूनमध्येच सांगितलं होतं," म्हणाली आणि फूल ग्लासात ठेवलं.

उद्या तिने परत चढावर बोलावलंय. मी दमलो की नाडी बांधायच्या निमित्ताने मीच खाली बसायचं, असं ठरलंय. ती थांबणार नाही. तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.